ट्रॅकसाठी सस्पेन्शन सेट करायलात? आधी क्रम नीट लावा

ट्रॅक डे (रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) ठरला की पोरं पहिला फोन अलाइनमेंटवाल्याला लावायलेत. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) टाकून घेतात, टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर) करून घेतात, मग आठ दिवसांनी लोअरिंग स्प्रिंग येतात ते बसवतात, मग कुणीतरी सांगतं लिंक रॉड वाजतोय म्हणून तो बदलतात, आणि ट्रॅकवर गेल्यावर गाडी एका बाजूला ओढायली म्हणून डोकं धरून बसतात. पार्ट चांगले असतात, पैसे पण भरपूर गेलेले असतात, फक्त क्रम उलटा झालेला असतो. उंची बदलली की कॅम्बर बदलतो, कॅम्बर बदलला की टो बदलतो, त्यामुळं आधी उंची, मग कॅम्बर, मग टो, हे पाळलं नाही तर आधीचं सगळं काम वाया जातंय.

खाली जे लिहिलंय ते आपल्याकडं सगळ्यात जास्त असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे स्विफ्ट, पोलो, आय२० असल्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या हॅचबॅक, पुढं मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब) आणि मागं टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा). गाडी रोजच्या वापरातली आहे आणि ट्रॅकला रस्त्यानंच चालवत न्यायचीय असं धरून चाललोय. दोन दिवस हातात ठेवा. आदल्या रात्री हे काम काढू नका.

टप्पा १: ढिलं आणि झिजलेलं आधी काढा

आपल्याकडच्या काळ्या मातीवरचे रस्ते दर पावसाळ्यात दबतात, भेगाळतात, आणि त्याचा सगळा मार खालच्या रबरांवर येतो. ४०-५० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश एकदा तरी पहारीनं हलवून बघाच. पुढचं चाक उचला, १२ आणि ६ वाजताच्या जागी धरून हलवा, खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. मग ९ आणि ३ वाजताच्या जागी धरून हलवा, तिथं खेळ असंल तर टाय रॉड एंड नाहीतर रॅक एंड. स्ट्रटच्या माउंटिंगवर एक हात ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला लावा, कटकट आवाज किंवा झटका आला तर माउंटिंगचं बेअरिंग गेलेलं आहे.

शॉकअपवर तेलाचा ओघळ असंल तर सेटिंगचा विषयच सोडा, आधी शॉकअप. आणि शॉकअप बदलायचे तर जोडीनं बदला, एका बाजूचा एकच नाही.

आता यातली सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः पण केलेली आहे आणि दोन महिन्यांत नवे बुश फाटले तेव्हा कळली. नवा बुश टाकताना गाडी जॅकवर असते, चाकं खाली लोंबकळत असतात आणि मेकॅनिक तिथंच बोल्ट फुल टाइट करून टाकतो. रबर बुशची आतली नळी बोल्टसोबत घट्ट होते, म्हणजे तो बुश लोंबकळलेल्या अवस्थेत लॉक झाला. गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो, उंची पण थोडी चुकीची दाखवतो आणि लवकर फाटतो. बोल्ट नुसते हाताला लागेपर्यंत आवळा, गाडी चाकांवर उभी करा, दोन-चार वेळा दाबून बसवा, मग टॉर्क रेंचनं शेवटचं आवळा. लोअरिंग स्प्रिंग टाकल्यावर जुने बुश ठेवले असतील तरी त्यांचे बोल्ट ढिले करून नव्या उंचीवर परत आवळायचे असतात, हे तर जवळपास कुणीच करत नाही.

ब्रेकचं पण इथंच उरका: ताजं डॉट ४ ऑइल (जुनं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तापल्यावर पेडल स्पंजासारखं होतं) आणि पॅडमध्ये निम्म्याच्या वर माल.

थांबा: स्प्रिंग कापून गाडी खाली करू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते पण सीटमध्ये नीट बसत नाही, आणि चाक हवेत गेलं की जागेवरनं सरकू शकते.

टप्पा २: सपाट जागा तयार करा

या टप्प्याला लोक पाच मिनिटं देतात. मी अर्धा दिवस देतो. पोर्चची फरशी डोळ्याला सपाट दिसते पण पाणी वाहून जावं म्हणून गवंड्यानं तिला उतार दिलेलाच असतो. त्या उतारावर मोजलेला कॅम्बर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दाखवतो.

लेझर लेव्हल नसंल तर काही अडत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दहा मीटर पुरते. चार चाकं जिथं उभी राहणार तिथं खडूनं चौकोन काढा, नळीतले बुडबुडे पूर्ण काढा (हे केलं नाही तर सगळं माप खोटं), एक टोक सगळ्यात उंच चौकोनावर आणि दुसरं टोक एकेक करून बाकीच्या तिघांवर धरून फरक लिहून घ्या. जिथं कमी पडतंय तिथं शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर बारीक फरकासाठी सनमायकाचे तुकडे. सनमायका साधारण एक एमएमचा असतो त्यामुळं हिशेब सोपा जातो. चारी जागा २ एमएमच्या आत आल्या की बास. त्या चौकोनांना कायमचा रंग मारून ठेवा आणि कोणत्या चौकोनावर किती तुकडे ते भिंतीवर लिहा, पुढच्या वेळी हा टप्पा दहा मिनिटांत होतो.

पुढच्या दोन चाकांखाली अजून एक गोष्ट लागते. प्रत्येक चाकाला दोन ग्लेझ्ड टाइल्स, चकचकीत बाजू एकमेकीकडं करून, मधे ग्रीस. गाडी जॅकवरनं खाली ठेवली की टायर फरशीला चिकटून राहतो, बाहेर सरकत नाही आणि कॅम्बर-टो दोन्ही चुकीचे दिसतात. टाइल्स घसरतात त्यामुळं सस्पेन्शन आपल्या जागेवर बसतं. त्यांची जाडी लेव्हलमध्ये धरायला विसरू नका, मागच्या चाकांखाली तेवढ्याच जाडीच्या दोन-दोन टाइल्स कोरड्या ठेवा.

तपासा: चारी टायरमध्ये तुम्ही ट्रॅकवर सुरुवातीला ठेवणार तेवढीच हवा, टाकी अर्धी, डिकी रिकामी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं ओझं. ज्वारीचं किंवा सोयाबीनचं पोतं काट्यावर मोजून ठेवा. एकटा ७०-७५ किलोचा माणूस उजव्या बाजूला बसला की ही बाजू किती खाली जाते ते स्वतः मोजून बघा.

टप्पा ३: उंची

उंची जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. म्हणजे टायर झिजला, हवा कमी-जास्त झाली तरी माप बदलत नाही.

किती खाली करायची? लोकांना वाटतं जितकी खाली तितकी चांगली. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये हे खरं नाही. गाडीच्या बाजूला उकिडवे बसून लोअर आर्म बघा. आतल्या टोकापासून चाकाकडं जाताना तो थोडा खाली उतरता किंवा फार तर आडवा असला पाहिजे. तो चाकाकडं वर चढायला लागला की गाडीचा रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली जातो, आणि गाडी बुटकी होऊन पण वळणात जास्त कलंडायला लागते. शिवाय स्ट्रट बम्प स्टॉपवर (शेवटचा रबरी ठोकळा) आपटतो आणि त्या क्षणी पुढची ग्रिप एकदम जाते. बहुतेक हॅचबॅकला २५-३० एमएमपेक्षा जास्त खाली जाण्यात काही कमाई नाही, आणि आपल्या गावातल्या स्पीड ब्रेकरवर बंपर ठेवून यायचं ते वेगळंच.

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) असतील आणि त्यांना खालची बॉडी वेगळी फिरवायची सोय असंल तर उंची तिथून बदला. स्प्रिंगची रिंग फिरवून उंची केली तर शॉकअपचा वर-खाली जायचा वाव बदलतो.

तपासा: डावी-उजवी उंची ३ एमएमच्या आत. नसंल तर पुढं जाऊ नका, आधी स्प्रिंग सीटमध्ये नीट बसलीय का ते बघा.

टप्पा ४: चार कोपऱ्यांचं वजन (फक्त कॉइलओव्हर असतील तर)

साधे स्प्रिंग असतील तर हा टप्पा सोडून द्या, बदलायला हातात काही नाही.

ट्रकच्या वजनकाट्यावर हे होत नाही, तो दहा-दहा किलोच्या टप्प्यानं दाखवतो. पण मोंढ्यात आडत दुकानावर ५०० किलोचा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा असतो ना, तो एक दिवस मागून आणा. काटा एकच असला तरी चालतंय: एका चाकाखाली काटा, बाकी तिघांखाली बरोब्बर काट्याच्या उंचीचे लाकडी ठोकळे, आणि मग काटा कोपऱ्या-कोपऱ्यानं फिरवायचा. ठोकळे रुंद आणि भक्कम घ्या. असल्या हॅचबॅकचा पुढचा एक कोपरा ३०० किलोच्या आसपास भरतो, घसरला तर पायाचं काही राहणार नाही.

मोजायच्या आधी अँटी-रोल बारचा (डावं-उजवं चाक जोडून गाडी कलंडू न देणारा दांडा) एका बाजूचा लिंक रॉड सोडा, तो ताणलेला असला की वजन इकडचं तिकडं दाखवतो. आता उजवं पुढचं आणि डावं मागचं यांची बेरीज करा, एकूण वजनानं भागा. ५० टक्के आलं पाहिजे, अर्धा टक्का इकडं-तिकडं चालतं. डावं आणि उजवं सारखं करायच्या मागं लागू नका, ते स्प्रिंगनं होतच नाही, त्यासाठी सामानच हलवावं लागतं. एका कोपऱ्याची रिंग वर केली की त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यावर वजन वाढतं, एवढं लक्षात ठेवून अर्धा-अर्धा फेरा फिरवा. लिंक रॉड परत लावताना तो सहज बोल्टमध्ये गेला पाहिजे, ओढून बसवावा लागला तर त्याची लांबी जुळत नाहीये.

टप्पा ५: कॅम्बर

आता, आणि आताच, कॅम्बर. वळणात गाडी कलंडते तेव्हा बाहेरच्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा घासतो, म्हणून चाकाचं वरचं टोक आधीच आत झुकवून ठेवायचं. कंपनीनं दिलेला कॅम्बर शून्याच्या आसपास असतो. रस्त्याच्या टायरवर ट्रॅकसाठी पुढं उणे २ ते उणे २.५ डिग्री ही चांगली सुरुवात. मागं टॉर्शन बीमला जे आहे ते आहे.

मोजायला ओळंबा वापरा. फेंडरवरून ओळंबा असा सोडा की दोरी टायरच्या फुगीर भागाला लागणार नाही, मग दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजा. १५ इंची रिमच्या कडा एकमेकींपासून साधारण ४१५ एमएम असतात, त्यावर सव्वासात एमएम फरक म्हणजे १ डिग्री. वरचं अंतर १८ एमएमनं जास्त आलं की उणे २.५. खड्ड्यानं रिमला मार बसलेला असला तर माप फसवतं, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून परत मोजा आणि सरासरी धरा.

कॅम्बर बोल्टनं एक-दीड डिग्री मिळतो, पण तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि कर्बवर आपटल्यावर सरकू शकतो. टाकलाच तर दिलेल्या टॉर्कलाच आवळा आणि बोल्टवर आणि नकलवर (चाक धरणारा भाग) मिळून पेंटची एक रेघ मारा, प्रत्येक सेशननंतर ती रेघ तुटलीय का बघा. जास्त कॅम्बर पाहिजे असंल तर वरच्या कॅम्बर प्लेट टाका. छिद्र फाइलनं घासून मोठं करणं मला पटत नाही, करणारे करतात, पण वेग घेतलेल्या गाडीचं चाक त्याच बोल्टांवर धरलेलं असतं.

टप्पा ६: टो

टो कायम शेवटी. स्टिअरिंग बरोब्बर सरळ करून सीटला दोरीनं बांधा.

गाडीच्या पुढं आणि मागं एकेक चौकोनी पाइप आडवा ठेवा, दोन्ही पाइपवर सारख्याच अंतरावर खाचा, आणि दोन्ही बाजूंनी तंगूस ताणून बांधा, उंची चाकाच्या मधोमध. आता पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून तंगूसपर्यंतचं अंतर डावी-उजवीकडं सारखं करा, मागच्या चाकांचं पण तसंच. पुढचं आणि मागचं एकमेकांशी जुळवू नका! पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी बहुतेक गाड्यांत वेगळी असते, इथंच घरी टो करणारे सगळ्यात जास्त फसतात.

मग प्रत्येक चाकाच्या रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून मोजा. पुढची कड दोरीपासून लांब असंल तर टो-इन, जवळ असंल तर टो-आउट. पुढच्या दोन चाकांचं मिळून शून्य ते २ एमएम टो-आउट ठेवा, गाडी वळणात लवकर शिरते. रोज हायवेवर चालवत असाल तर शून्यच ठेवा. आतल्या कडेनं टायर खाण्याचं खापर लोक कॅम्बरवर फोडतात, पण टायर खाण्यात टोचा वाटा त्याहून मोठा असतो.

दोन्ही टाय रॉड सारखेच फेरे फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं होतं. एकेका अष्टमांश फेऱ्यानं काम करा. लॉक नट आवळताना टाय रॉड सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजा. परत म्हणजे खरंच परत.

थांबा: नंतर समृद्धीवर नाहीतर बीड बायपासवर जाऊन "जरा चेक करून येतो" म्हणू नका. समृद्धीवर वेगात जाणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्या, बायपासवर ट्रॅक्टर, मोटरसायकली, चुकीच्या बाजूनं येणारे असतात, आणि तुमच्या सेटिंगची परीक्षा दुसऱ्याच्या जिवावर घ्यायचा आपल्याला काही अधिकार नाही. ४०-५० च्या वेगात गाडी सरळ जाते का, स्टिअरिंग सरळ आहे का, आवाज येतो का, एवढंच गावात बघायचं असतं.

टप्पा ७: शॉकअपचे क्लिक

शॉकअप अॅडजस्टेबल असतील, म्हणजे कडक-मऊ करायचा क्लिक-क्लिक फिरणारा खटका असंल, तरच. पूर्ण कडक करा, तिथं शून्य, आणि तिथून मागं मोजत मधे आणा. चारी कोपऱ्यांचे आकडे वहीत. कडक म्हणजे वेगवान हा गैरसमज आहे, फार कडक शॉकअपवर टायर उड्या मारतो आणि उडालेल्या टायरला ग्रिप नसते.

टप्पा ८: ट्रॅकवर हवा

पुण्याजवळचा नानोली असो की कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा करी ट्रॅक, गेल्या गेल्या पहिलं काम थंड टायरची हवा आणि ती पण स्वतःच्या गेजनं. पंपावरच्या गेजमध्ये आणि तुमच्यात दोन-तीन पीएसआयचा फरक निघणं रोजचं आहे, म्हणून घरी सेटिंग करताना वापरला तोच गेज सोबत न्या.

हवा तापली की दर साडेपाच डिग्रीला साधारण एक पीएसआय चढतो. त्यामुळं थंड आकड्याला ट्रॅकवर अर्थ कमी, गरम आकडाच धरायचा. रस्त्याच्या टायरवर पुढं गरम ३४-३५ पीएसआय ठरवा, त्यासाठी थंड २८-२९ नं सुरुवात करा. चार-पाच लॅप मारून आत या, हँडब्रेक ओढू नका (तापलेल्या डिस्क-ड्रमला पॅड किंवा शू चिकटतो, गिअरमध्ये टाकून चाकाखाली वीट लावा), आणि दोन मिनिटांच्या आत चारी टायर मोजा. एका बाजूचा टायर जास्त तापलेला निघंल, कारण ट्रॅकला एका दिशेची वळणं जास्त असतात, त्या टायरची हवा जास्त काढा म्हणजे गरम झाल्यावर चारी जागेवर येतील.

डिसेंबरात सकाळी १५ डिग्रीला भरलेली हवा आणि दुपारी ३० डिग्रीला उन्हात उभी असलेली गाडी यांत नुसत्या हवामानानं अडीच-तीन पीएसआयचा फरक पडतो, म्हणून जेवणानंतर परत मोजायचं.

टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ मारून ठेवा. बाहेरच्या कडेला छोटा त्रिकोण असतो, रेघ तिथपर्यंत घासली गेली तर बरोबर. त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवर घासली तर हवा कमी किंवा कॅम्बर कमी. टोचून मोजायचा तापमापक मिळाला तर आत, मधे, बाहेर अशी तीन मापं घ्या: मधे सगळ्यात गरम असंल तर हवा जास्त, बाहेरची कड सगळ्यात गरम असंल तर कॅम्बर अजून पाहिजे, आतली कड ५-१० डिग्रीनं जास्त असंल तर हात लावू नका. लांबून दाबायची इन्फ्रारेड गन फक्त वरची कातडी मोजते, पिटमध्ये येईपर्यंत ती गार झालेली असते.

टप्पा ९: गाडी काय करायलीय ते नीट ऐका

"अंडरस्टिअर होतंय", म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी पुढचं टोक सरळच जातंय, एवढं सांगून भागत नाही. वळणात शिरताना, मधे, की बाहेर पडताना? शिरतानाच पुढचं टोक सरळ जात असंल तर आधी आपला ब्रेक आणि वेग बघा, दहात सात वेळा माणूस जास्त वेगात शिरलेला असतो. मधे जात असंल तर पुढच्या टायरची हवा आणि कॅम्बर. बाहेर पडताना जात असंल तर एक्सिलरेटर लवकर दाबायलात, पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि वळायचं पण, त्यांना दोन्ही एकदम जमत नाही.

एका वेळी एकच बदल. दोन पीएसआय किंवा तीन क्लिक, मग चार लॅप, मग वही. दोन गोष्टी सोबत बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशानं सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर परत कुठं जायचं ते पण कळत नाही. फरक पडला नाही तर आधीच्या आकड्यावर परत या आणि मगच दुसरी गोष्ट धरा.

मागचा अँटी-रोल बार जाड करून किंवा मागं हवा वाढवून गाडी छान वळायला लागते, सगळे तेच सुचवतात. पण अशा गाडीत वेगवान वळणात घाबरून एक्सिलरेटर सोडला की मागचं टोक पुढं यायला बघतं. पहिले दोन-तीन ट्रॅक डे गाडी थोडी अंडरस्टिअर करणारीच राहू द्या, मी कुणालाही हेच सांगतो.

प्रत्येक सेशननंतर: व्हील नट टॉर्क रेंचनं, कॅम्बर बोल्टची पेंटची रेघ, शॉकअपवर तेल, टायरच्या खांद्यावर चिरा.

टप्पा १०: परत निघायच्या आधी

दिवसभर तुम्ही गरम टायरमधून हवा काढत आलात. संध्याकाळी टायर गार झाले की त्यात २६-२७ पीएसआयच उरलेली असते, आणि तुम्ही डिकीत टूल, स्टेपनी आणि सीटवर दोन मित्र घालून पुणे-अहिल्यानगर मार्गे रात्री घरी निघता. कमी हवेचा टायर साइडवॉलमधून वाकत राहतो, तापतो आणि फुटतो. म्हणून पोर्टेबल पंप सोबत पाहिजेच. टायर हाताला गार लागेपर्यंत थांबा, दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा लिहिलाय तेवढी हवा भरा, नट परत आवळा, शॉकअपचे क्लिक मऊ बाजूला आणा, ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबून घट्ट लागतंय का बघा, आणि मग किल्ली फिरवा.